काल चालत होता ना?

गेल्या महिन्यात एका सकाळी माझा कॉम्प्युटर सुरू होईना. काळा पडदा, त्यावर इंग्रजीतली एक पांढरी ओळ, आणि पुढे काही नाही. मी हिंगणघाटला घरीच टायपिंगची कामं घेते. लग्नपत्रिका, कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट, मंडळांच्या स्मरणिका. मशीन बंद म्हणजे माझं दुकान बंद. दुरुस्तीवाल्या नितीनला बोलावलं. त्यानं ती ओळ वाचली आणि बॅग उघडली.

"ताई, विंडोज उडाली वाटते. फॉर्मॅट मारून देतो."

"थांब. काल चालत होता."

"काल चालत होता, आज नाई चालत. असंच असते, ताई."

"असंच नसते. मधे काय झालं ते आधी पाहू दे."

मी खुर्चीवर बसले आणि कालची संध्याकाळ मोठ्यानं सांगायला लागले. पाच वाजता एक बाई मुलीच्या पत्रिकेचा मजकूर पेन ड्राइव्हमध्ये घेऊन आली. मजकूर उतरवून घेतला. चहा केला. बाई गेली. मी मशीन बंद केलं आणि भाजी आणायला गेले. पेन ड्राइव्ह? तो बाईनं नेला नव्हता. मीही काढला नव्हता. कॅबिनेटच्या मागच्या खाचेत तो तसाच होता आणि मशीन सकाळपासून त्याच्यात विंडोज शोधत बसलं होतं. काढला, बटण दाबलं, सुरू.

नितीननं बॅग बंद केली. "भोयरबाईची सवय लागली तुमाले," तो म्हणाला. "लय पिडलं बाप्पा त्यायनं मले." आणि हसला.

भोयरबाई आता नाहीत. पण नितीन म्हणाला ते खरं आहे.

आमच्या समोरच्या घरात त्या राहायच्या. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. पहिलं नाव मालती होतं, पण त्या नावानं त्यांना हाक मारणारं कुणी मी पाहिलं नाही. नवरा लवकर गेलेला. एकुलता एक मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीत. वर्गात त्या पुस्तकातली मराठी बोलायच्या आणि शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की वऱ्हाडी. उंच, हाडकुळ्या. पदर कमरेला खोचलेला, चष्मा कपाळावर. त्यांच्या पर्समध्ये हात घातला तर आधी टॉर्च लागायचा, मग एक भिंग, मग दाढीचा जुना ब्रश. ब्रश नवऱ्याचा होता. धूळ झाडायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, असं त्या सांगत. त्यात आणखी काही भावना असेल तर ती मला कधी दिसली नाही.

प्रशांतनं पुण्याला जाताना आपला जुना कॉम्प्युटर आईजवळ ठेवला. आई फोटो पाहील, मेल करील, असा त्याचा विचार. बाईंनी पहिल्याच आठवड्यात तो जेवणाच्या टेबलावर उघडा करून ठेवला. बिघडला म्हणून नाही. आत काय आहे ते पाहायला. मी भरल्या वांग्यांची वाटी घेऊन गेले तर ती ठेवायला टेबलावर जागा नव्हती.

"बाई, जेवता कुठे मग?"

"ओट्याशी उभी राहून. हे पाह्य, याचा पंखा काढला. आता हा तापून बंद पडते का नाई, ते पाहून राह्यली मी."

"आणि जळला तर?"

"तर समजन, जळते म्हनून."

तो जळला नाही, आपोआप बंद पडला. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी वांगी तिथेच उभ्यानं, पोळीशिवाय संपवली.

हळूहळू आजूबाजूच्या लोकांना कळलं. कुणाचा कॉम्प्युटर सुरू होत नसला की दुकानात जायच्या आधी भोयरबाईंना बोलवायचे, कारण बाई काही घेत नसत. पण बाईंना बोलावणं सोपं काम नव्हतं. त्या आल्या की पहिला अर्धा तास मशीनला हात लावत नसत. घरातल्या माणसांना विचारत बसायच्या. काल चालत होता ना? मग रात्री कोण बसलं होतं? बंद कुणी केला, कसा केला? टेबल हलवलं? झाडू मारताना वायर ओढली? आणि हे सगळं एकेकाला वेगळं. सगळे एका खोलीत असले की सगळ्यांची एकच गोष्ट होते, असं त्यांचं म्हणणं. शाळेत मुलींनी बेंच मोडला तेव्हाही त्या असंच करत. नवराबायकोला त्यांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारलेलं मी पाहिलं आहे. त्या घरात नंतर दोन दिवस अबोला होता.

मशीनसमोर बसल्या की त्या पडद्याकडे पाहायच्या नाहीत. खाली पाट टाकून कॅबिनेटला कान लावायच्या. पंखा फिरतो का, किती वेळ फिरतो, टुकटुक आवाज येतो का. मग एक गोष्ट बदलायच्या. एकच. सुरू करून पाहायच्या. नाही झालं तर ती गोष्ट जशीच्या तशी परत लावायच्या आणि दुसरी बदलायच्या. "दोन गोष्टी एकदम बदलल्या आनि चालू झालं, तर कोनाले शाबासकी देशीन?" असं त्या विचारत.

एक शब्द मात्र त्यांना सहन व्हायचा नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, "मशीन जुनी झाली, बाई," की त्या चष्मा कपाळावरून नाकावर आणायच्या.

"काल चालत होती, तवा नवी होती का?"

नितीननं हे इतक्यांदा ऐकलं होतं की बाई दुकानात शिरल्या की तो आधीच म्हणायचा, "बाई, जुनी नाई झाली. दुसरंच काही झालं हाय."

आणखी एक सवय. कारण सापडलं की त्यांचा रस संपायचा. त्या क्षणी. उघडलेलं कॅबिनेट, बाजूला काढलेलं झाकण, वाटीतले स्क्रू, सगळं तिथेच टाकून त्या पदर झटकून घरी जायच्या. स्क्रू लावायचं काम घरच्यांचं. आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायकांना कॅबिनेटचं झाकण लावता येतं, ते बाईंमुळे.

आमच्या घरचा प्रसंग दसऱ्याचा. सुट्टी संपली आणि मी कामाला बसले. एका शाळेची स्मरणिका अर्धी झालेली, छापखान्याचा माणूस रोज फोन करून राहिलेला. बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, आणि जरा वेळानं धप्पकन सगळं बंद. परत दाबलं. परत तेच. नितीन म्हणाला, पॉवर सप्लाय गेला. बदलला. तेच. म्हणाला, मग मदरबोर्ड असेल, मशीन जुनी... आणि समोरच्या दारात बाई उभ्या दिसल्या म्हणून थांबला.

बाईंनी आम्हाला एकेक करून विचारलं. नवरा म्हणाला, मी हात लावला नाही. मुलगी म्हणाली, मी हात लावला नाही. मग सासूबाईंची पाळी. त्या तांदूळ निवडत होत्या.

"आजी, तुमी काल त्या खोलीत गेलत्या का?"

"कायले जाऊ? मले काय समजते त्यातलं?"

"पायसुद्धा टाकला नाई?"

"नाई व बाप्पा. पूजेले गेलती, ते सोडून."

बाईंनी चष्मा खाली आणला. "ते कायले सोडता?"

"अवं, पूजा तं दरसालची. गाडीची केली, शिलाई मशीनची केली, याची केली. त्यात काय झालं?"

खरंच काही झालं नव्हतं. दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. स्कूटरच्या हँडलला हार, शिलाई मशीनला हळदकुंकू. कॉम्प्युटरलाही सासूबाईंनी तसंच केलं होतं. कॅबिनेटच्या तोंडावर ओल्या कुंकवाचं बोट ओढलं, वर अक्षता लावल्या, आपट्याचं पान ठेवलं. तोंड म्हणजे त्यांच्या मते ते गोल बटण. बाईंनी भिंग लावून पाहिलं. बटणाच्या कडेच्या फटीत तांदळाचा एक दाणा कुंकवानं घट्ट चिकटून बसला होता. बटण आत जायचं, पण सुटून बाहेर यायचं नाही. मशीनला वाटायचं, कुणी बटण दाबून धरलं आहे, म्हणजे बंद व्हायला सांगत आहे. ते बिचारं सांगितलेलं ऐकत होतं.

बाईंनी सुईनं दाणा काढला. मशीन सुरू झालं. मी स्मरणिकेची फाइल उघडायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि तोच दाणा परत फटीत घातला.

"बाई! काऊन?"

"दाना काढल्यानं चालू झालं, का चालू व्हाचं होतं म्हनून झालं? ते कसं समजन?"

दाणा आत, मशीन बंद. दाणा बाहेर, मशीन सुरू. असं त्यांनी समाधान होईपर्यंत केलं. छापखान्याचा फोन वाजत होता. मग तो दाणा त्यांनी सासूबाईंच्या तळहातावर ठेवला, "हा पाहा तुमचा परसाद," म्हणाल्या, आणि स्क्रू न लावता निघून गेल्या.

त्या दिवशी संध्याकाळी फाटकाशी उभ्या राहून त्या मला म्हणाल्या, "सुनंदा, मानसं खोटं नाई बोलत. जे रोजचं असते, दरसालचं असते, ते त्याहिले दिसतच नाई. काही झालं का म्हनून विचारलं, तर नवं काय झालं तेच सांगतात." एवढं बोलून त्या माझ्या हातातल्या पिशवीत डोकावल्या आणि पालक कसा दिला ते विचारायला लागल्या.

वडनेरच्या किसनभाऊंचा कॉम्प्युटर हा त्यांचा आवडता किस्सा. किसनभाऊ भाजीवाले शेतकरी. बाजाराला यायचे तेव्हा टमाट्याच्या क्रेटमध्ये शालीत गुंडाळून कॅबिनेट आणायचे. बाईंकडे लावलं की झटक्यात सुरू. वडनेरला नेलं की सुरू होता होता बंद. परत आणलं, परत सुरू.

"बाई, हे तुमच्याकडे चालते आनि माह्या घरी मरते."

"मंग मशीन नाई, घर पाहा लागते," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन वडनेरच्या बसमध्ये बसल्या. मी का गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही. काम पडलं होतं. पण आता काय निघतं ते मलाही पाहायचं होतं.

किसनभाऊंच्या घरी मशीन लावलं, सुरू झालं. त्यांची बायको चहा घेऊन आली. "तुमाले पाहून लाजलं," ती म्हणाली. बाईंनी ते बंद केलं आणि नुसत्या बसून राहिल्या. काही करायचं नाही, फक्त बसायचं, हे मला जमत नाही. मी तिथल्या मेथीच्या जुड्या बांधून दिल्या. मग शेजारी कुठेतरी मोठा आवाज सुरू झाला आणि बाईंनी बोट वर केलं. खोलीतला बल्ब पिवळा पडला होता.

"आता दाबा बटन."

दाबलं. नाही झालं.

शेजारी किसनभाऊंच्या चुलतभावाची पिठाची चक्की होती. ती सुरू झाली की या घराची वीज ढिली पडायची. हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. इतकं माहीत होतं की कुणी बोललं नव्हतं. बाईंचं अर्थात तेवढ्यानं भागलं नाही. त्या चक्कीवर गेल्या आणि चुलतभावाला चक्की बंद करायला लावली, मग सुरू, मग बंद.

"बाई, लोकायचं दळन हाय इथं," तो कळवळला.

"अवं मॅडम, आमच्या पोळ्या काय उद्या करा का?" डबे घेऊन बसलेल्या बायका ओरडल्या.

"दोन मिनिटं," असं म्हणत बाईंनी त्यांना चांगलंच बसवून ठेवलं. मग बसस्टॉपकडे चालू लागल्या. किसनभाऊ मागून पळत आले, "बाई, कारन समजलं, पन मी करू काय?" बाई तोपर्यंत रस्त्यावरच्या बैलाच्या शिंगांकडे पाहत होत्या. स्टॅबिलायझर घ्या, असं मी सांगितलं.

अशा बाईंनाच एका हिवाळ्यात सकाळी सुरू होता येईना.

सुरुवात त्यांनीच सांगितली. पायरीवर ऊन घेत बसल्या होत्या. "सुनंदा, मले आजकाल सकाळी सुरू व्हाले वेळ लागून राह्यला. काल चिमटा हा शब्दच विसरली. वस्तू हातात हाय, शब्द नाई. लय मजेदार वाटलं."

मला मजेदार वाटलं नाही. त्याच आठवड्यात त्यांच्या साखरेच्या डब्यात स्क्रू निघाले. माझ्या मुलीला त्यांनी त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारली, दोनदा. कॅबिनेट उघडून बसल्या आणि कशासाठी उघडलं ते आठवेना. दुपारपर्यंत त्या पुष्कळशा ठीक व्हायच्या, सकाळी मात्र डोळे जड आणि बोलणं सावकाश. प्रशांत सुट्टी काढून आला तेव्हा ओट्यावर दूध जळून कोळसा झालं होतं आणि बाई शेजारीच उभ्या होत्या. तो घाबरला. घाबरणारच.

संध्याकाळी त्यानं मला बोलावलं. "ताई, तुम्हीच समजवा. आईला मी पुण्याला नेतो. संक्रांत झाली की येतो, घर भाड्यानं देऊ. तिकडे मोठ्या डॉक्टरांना दाखवू. एकटी कशी राहील ती इथे?"

"कारन काय म्हन्तोस तू?" बाईंनी विचारलं.

"आई, कारण वय आहे."

बाईंनी चष्मा नाकावर आणला. "दसऱ्याले मी तरनी होती का?"

"आई, असं काय करतेस."

"तवाही म्हातारीच होती ना? तवा तर चालत होती."

"तू मशीन नाहीस, आई."

"नाई. म्हनून तर कारन लवकर पाहा लागते. मशीनचा पार्ट बाजारात भेटते."

प्रशांत वाईट मुलगा नव्हता. दूध जळलेलं पातेलं त्यानं स्वतः घासलं आणि पुण्याला गेला. संक्रांत फार लांब नव्हती. पुण्यात त्याचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. बाई एकदा तिथे राहून आल्या होत्या. तिथे सगळं नवं आहे, काही बिघडतच नाही, असं त्यांनी आल्यावर मला सांगितलं होतं. इतकं उदास वाक्य त्यांच्या तोंडून मी दुसरं ऐकलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी बाईंनी मला बोलावलं. "मी मलेच विचारून पाह्यलं. काही बदललं नाई. पन मी तं घरची साक्षीदार. माह्या सांगन्याले काय अर्थ? आता तू विचार. तुह्या सासूले मी विचारलं, तसं विचारजो."

मी समोर बसले. आधी वाटलं, काय खेळ आहे हा. मग नेटानं सुरू केलं.

"काल संध्याकाळपासून सांगा. जेवला काय?"

"भाकर, वांगं."

"मग?"

"भांडी घासली. बातम्या पाह्यल्या. दार लावलं. झोपली."

"औषध?"

"ते सकाळी, बीपीचं. तेच, आधीचंच."

"रात्री काही नाही?"

"नाई. रात्री काही औषध नाई. सर्दीची गोळी घेतली आनि झोपली."

"बाई, ती गोळी कधीपासून?"

"ते काय औषध हाय का व. दरसाल घेते मी. जिनिंग सुरू झाली का..." आणि बाई थांबल्या.

आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास जिनिंगचे कारखाने सुरू होतात, कापसातली सरकी काढली जाते आणि हवेत रुईची बारीक तुसं उडत राहतात. खिडकीच्या जाळीला, वाळत घातलेल्या कपड्यांना, कॉम्प्युटरच्या पंख्याला. बाईंचं नाक त्या दिवसांत सारखं गळायचं. औषधाच्या दुकानातून त्या सर्दीची गोळी आणायच्या, दरवर्षी. या वर्षी दुकानदारानं आधीची नाही म्हणून दुसरी दिली होती. तीही सर्दीचीच. म्हणून बाईंच्या हिशेबी काही बदललं नव्हतं.

त्यांच्या चेहऱ्यावर मी एक गोष्ट पाहिली. तांदळाचा दाणा भिंगाखाली आला तेव्हा चेहरा असाच झाला होता. त्या उठल्या, गोळ्यांचं पाकीट घेतलं, चपला घातल्या आणि मला त्यांच्याच घरात बसलेली सोडून डॉक्टरकडे निघाल्या. दाराला कुलूप मी लावलं.

डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. अशा काही गोळ्यांनी झोप येते आणि या वयात काहींचं डोकं धुक्यात गेल्यासारखं होतं, म्हणाले. बंद करून पाहा. बाईंनी गोळी बंद केली, खिडकीला ओलं फडकं बांधलं आणि नाक गळू दिलं. काही दिवसांत त्या सकाळी साडेसहाला फाटकाशी उभ्या राहून दूधवाल्याशी पूर्वीसारखं भांडताना दिसू लागल्या.

त्यांनी प्रशांतला फोन लावला तेव्हा मी तिथेच होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, बरं वाटतंय हे चांगलंच आहे. पण त्या गोळीमुळंच होतं, हे कशावरून? आपोआपही कमी झालं असेल. उद्या परत झालं तर?"

मला राग आला. बाईंनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. चेहरा फुललेला.

"पाह्य, पोरगा माहा हाय."

पुढे काय येणार ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाईंना दाणा परत फटीत घालायचा होता. डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलं. मीही सांगितलं, हा वेडेपणा आहे, पडाल, भाजाल.

"मंग सातव्या मजल्यावर जाऊन बसू का?" बाई म्हणाल्या. "तिथं कोनी मले काही विचारनार नाई. म्हातारी हाय म्हन्तीन, झालं."

त्या माझ्याशिवायही ते करणार होत्या, हे मला माहीत होतं. म्हणून मी अट घातली. संध्याकाळी गॅसचा रेग्युलेटर काढून मी माझ्या घरी नेणार. सकाळी मीच घेऊन येणार आणि चहा मीच करणार. बाईंना अट पसंत पडली. त्यांचीही एक अट होती.

"गोळी कोनत्या रात्री घेईन ते तुले सांगनार नाई. सांगितलं तं तुले तसंच दिसन. तू नुसती सकाळी येजो, आनि मी कशी होती ते संध्याकाळी सांगजो."

आणि एक म्हातारी, एक म्हातारी होत चाललेली, अशा आम्ही दोघींनी हे खरंच केलं. मी सकाळी रेग्युलेटर पदराखाली घेऊन जायची, चहा करायची, पाच मिनिटं बोलायची. संध्याकाळी सांगायची, आज ठीक होत्या, आज बऱ्या नव्हत्या. बाई फक्त हूं म्हणायच्या. सासूबाई मला विचारायच्या, "रोज ते काय लपवून नेतं व तू तिकडे?"

शेवटी दोघींचा हिशेब जुळला. ज्या सकाळी मला त्या बऱ्या दिसल्या नव्हत्या, त्याच्या आदल्या रात्रीच गोळी होती. बाईंनी ते प्रशांतला सांगितलं आणि मग त्यानं मला फोनवर घेतलं आणि एकेक दिवस वेगळा विचारला. आईसारखाच. सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "घर भाड्यानं द्यायचं राहू द्या, ताई. आणि तिला म्हणावं, आता पुरे." संक्रांतीला तो तिळगूळ घेऊन आला, बाईंचे दोन पंखे साफ करून दिले आणि एकटाच परत गेला.

बाई पुढे त्याच घरात राहिल्या. पुढच्या हिवाळ्यांत नाक पुसत, ओलं फडकं बांधून. एका दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. प्रशांत म्हणाला, वय नाही म्हणालात ते बरं केलं.

पण मला बाई आठवतात त्या गोळीच्या प्रयोगाच्या दिवसांतल्या एका सकाळच्या. थंडी होती, जिनिंगचा आवाज सुरू होता, कडुनिंबाखाली रुईची तुसं पडली होती. मी रेग्युलेटर घेऊन रस्ता ओलांडत होते आणि बाई फाटकाशी आल्या होत्या. एका पायात घराबाहेरची चप्पल, दुसऱ्या पायात न्हाणीघरातली निळी स्लीपर. चष्मा कपाळावर होता आणि हात तो पर्समध्ये शोधत होते. मला पाहून त्या थांबल्या. माझं नाव त्यांना सापडत नव्हतं, ते मला दिसलं. त्यांनी ते शोधायचं सोडून दिलं. खाली आपल्या पायांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग चेहरा हळूहळू उजळला.

"परत आलं ना?" त्यांनी जड जिभेनं विचारलं.

"हो बाई. आलं."

"मंग तेच होतं," त्या म्हणाल्या. वळल्या, आणि एक चप्पल फटफट वाजवत, खूश होऊन घरात गेल्या.

फाटक उघडंच राहिलं होतं. ते मी लावलं.